गाडीच्या टपावर कॅरिअर घेताय? आधी टप नीट बघा

डिकी भरली, मागच्या सीटवर मधोमध बॅगांची रास लागली, कुणाच्या तरी मांडीवर अंथरुणाची वळकटी आली, की टपावरच्या कॅरिअरचा विषय निघतो. मग बहुतेक जण थेट बॉक्सचे फोटो चाळायला लागतात. हा क्रम उलटा आहे. बॉक्स सगळ्यात शेवटी येतो. आधी टपाला किती वजन चालतं ते बघायचं, मग त्या टपाला धरायला जागा कुठे आहे ते, मग आडवे दांडे, आणि त्यानंतर त्या दांड्यांवर काय बसवायचं ते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. टपावर जागा भरपूर मिळते, वजनाची मुभा मात्र फार थोडी असते. गाद्या, उश्या, गरम कपडे, तंबू, झोपायच्या पिशव्या, फोल्डिंग खुर्च्या असा जागा खाणारा पण हलका पसारा वर जातो. पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी, पुस्तकांचे खोके खाली, गाडीच्या आत. तुमची अडचण मुळात जड सामानाची असेल, तर टपावरचा कॅरिअर ती सोडवणार नाही. मागे जोडायचा ट्रेलर किंवा मोठी गाडी भाड्याने घेणं सरळ पडेल.

पायरी १: वजनाचा आकडा शोधा

गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक काढा आणि त्यात ‘रूफ लोड’ किंवा टपावरचं कमाल वजन शोधा. बहुतेक प्रवासी गाड्यांसाठी हा आकडा ५० ते १०० किलोच्या दरम्यान असतो. बऱ्याच छोट्या हॅचबॅक गाड्यांना ५० किलो, तर अनेक मध्यम गाड्यांना ७५ किलो दिलेले असतात. एकाच मॉडेलच्या सनरूफवाल्या आणि साध्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो, त्यामुळे शेजाऱ्याचीही तीच गाडी आहे म्हणून त्याचा आकडा धरून चालू नका. काही गाड्यांच्या पुस्तकात टपावर काहीच ठेवू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय तिथेच संपला.

नवखे लोक हमखास चुकतात ते पुढच्या हिशेबात. हा आकडा फक्त सामानाचा नसतो. दांडे, त्यांना टपावर धरून ठेवणारे पाय, बॉक्स आणि सामान हे सगळं त्यात धरलेलं असतं. समजा मर्यादा ७५ किलो आहे. दांड्यांची जोडी ५ किलोची, बॉक्स १८ किलोचा. सामानासाठी उरले ५२ किलो. बॉक्सच्या आत ‘कमाल ७५ किलो’ असा स्टिकर लावलेला असला, तरी तुमच्या गाडीवर त्याला अर्थ नाही. गाडीची मर्यादा, दांड्यांची मर्यादा आणि बॉक्सची मर्यादा, या तिन्हींपैकी जी आधी गाठली जाईल ती पाळायची. आता हाच हिशेब ५० किलोच्या टपासाठी करून बघा. हाती उरतात जेमतेम २७ किलो, म्हणजे भरलेल्या मोठ्या दोन बॅगाही नाहीत. अशा गाडीवर भलामोठा बॉक्स चढवणं म्हणजे बॉक्सच फिरवून आणण्यासारखं आहे. हलकी कापडी बॅग बरी.

टपावर दोन माणसं बसली तरी तो वाकत नाही, मग आकडा इतका कमी का, असं वाटू शकतं. पण हा आकडा चालत्या गाडीचा आहे. कोरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारला, की टपावरचं सामान जवळजवळ स्वतःच्या वजनाइतक्या जोराने पुढे सरकायला बघतं. वळणावर तेच ओझं बाहेरच्या बाजूला ओढतं, खड्ड्यात उसळी घेतं आणि खाली आदळतं. शिवाय वजन उंचावर गेल्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि गाडी वळणावर जास्त कलते. उभ्या गाडीचा टप यापेक्षा पुष्कळ जास्त वजन पेलतो, म्हणून तर टपावरच्या तंबूत माणसं झोपू शकतात. पण तो तंबू घेऊन गाडी चालवताना त्याचं स्वतःचं वजन चालत्या गाडीच्या मर्यादेत बसायलाच हवं, आणि असे बरेच तंबू ५० किलोंच्या पुढेच असतात.

पायरी २: टपाला धरायला काय आहे?

गाडीच्या दाराजवळ उभे राहा आणि टपाच्या कडेवरून हात फिरवा. साधारण पाच प्रकारांपैकी एक हाताला लागेल.

टपाच्या दोन्ही बाजूंना पुढून मागे जाणारे उभे रेल आहेत आणि रेलखालून बोटं आरपार जातात, तर तुमचं काम सगळ्यात सोपं. दांड्याचे पाय त्या रेलला चहूबाजूंनी कवळतात. रेल आहेत पण टपाला चिकटून आहेत, खाली फट नाही, तर त्यांना वेगळ्या घडणीचे पाय लागतात. पहिल्या प्रकारचे पाय दुसऱ्यावर बसत नाहीत, हे विसरू नका.

काही गाड्यांवरचे रेल निव्वळ शोभेचे असतात. दिसायला दणकट, पण वजन पेलण्यासाठी केलेलेच नसतात. हाताने हलवून याचा निकाल लागत नाही. माहितीपुस्तकात रेलवर सामान लादायला परवानगी आहे का ते बघा. उल्लेख नसेल तर गाडीच्या कंपनीच्या सेवाकेंद्रात विचारा.

रेल नाहीत, पण टपाच्या कडेला चार छोटी प्लॅस्टिकची झाकणं दिसतात? त्यांच्याखाली बोल्टची भोकं किंवा पाय अडकवायच्या खाचा असतात. ही कंपनीने ठरवून दिलेली जागा असल्यामुळे इथे बसवलेले दांडे इकडेतिकडे होत नाहीत. तोटा एकच, अंतर ठरलेलं असतं, ते कमीजास्त करता येत नाही.

जुन्या जीप आणि व्हॅनना टपाच्या कडेने पावसाचं पाणी वाहून न्यायची पन्हळ असते. त्यावर शिकंजासारखे पाय बसतात. आणि यातलं काहीच नसेल, टप अगदी गुळगुळीत असेल, तर दाराच्या चौकटीत अडकणारे पाय घ्यावे लागतात. यांना गाडीच्या मॉडेल आणि सालाप्रमाणे वेगळा जोडसंच येतो: टपाच्या गोलाईला जुळणारं रबर आणि चौकटीच्या आकाराचा पत्र्याचा आकडा (हुक). इथे ‘जवळपास बसतंय’ म्हणून चालत नाही. मिलिमीटरभर चुकीचा हुक एक तर रंग खरवडतो, नाहीतर ताण आला की निसटतो.

थुले, याकिमा यांसारख्या नावाजलेल्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर गाडीचं मॉडेल, साल आणि टपाचा प्रकार टाकला की कुठला संच लागतो ते कळतं. दुसऱ्या कंपनीचा माल घेणार असाल, तरी या यादीत आपल्या गाडीसाठी काही सुचवलंय की नाही ते बघून ठेवा. एकाही मोठ्या कंपनीकडे तुमच्या टपासाठी संच नसेल, तर त्यामागे बहुधा कारण असतं.

पायरी ३: आडवे दांडे

दांडे मुख्यतः दोन तऱ्हेचे. चौकोनी पोलादी दांडे स्वस्त आणि मजबूत असतात, पण वेगात वाऱ्याने घुमतात. विमानाच्या पंखासारखी घडण असलेले ॲल्युमिनियमचे दांडे हलके आणि बरेच शांत. त्यांच्या वरच्या अंगाला लांबच लांब खाच असते, जिच्यात बॉक्सचे किंवा सायकल-स्टँडचे बोल्ट सरकवता येतात. या खाचेवरची रबरी पट्टी काढून फेकू नका. न वापरलेला भाग तिने झाकला नाही, तर खाच शिट्टी वाजवते.

दांडे कधीतरीच वापरणार आणि लगेच उतरवून ठेवणार असाल, तर चौकोनीही पुरेत. पण ‘राहू देत वर’ असा स्वभाव असेल, तर पंखाच्या घडणीचेच घ्या. आवाज आणि इंधन दोन्हींत फरक पडतो.

दोन दांड्यांमधलं अंतर हा दुर्लक्षित मुद्दा. बहुतेक बॉक्सना दांड्यांमध्ये साधारण ६० ते ८० सेंटिमीटर अंतर लागतं. नेमकी मर्यादा बॉक्सच्या पुस्तिकेत असते. आखूड टपाच्या गाडीवर ठरलेल्या जागी बसणारे दांडे यापेक्षा जवळ आले, तर तो बॉक्स तुमच्या कामाचा नाही. लांब वस्तूंना, म्हणजे शिडी किंवा होडीला, अंतर जितकं जास्त तितकं चांगलं.

पायरी ४: वर काय बसवायचं?

बंद बॉक्स हा प्रवासाला सगळ्यात सोयीचा. पाऊस, धूळ, चोरी या तिन्हींपासून सामान बऱ्यापैकी सुरक्षित राहतं. ‘बऱ्यापैकी’ म्हणालो, कारण त्याचं कुलूप हे भुरट्या हातांसाठी असतं. लॅपटॉप आणि दागिने वर ठेवायचे नसतात. बॉक्स साधारण ३०० ते ६०० लिटरचे मिळतात. लिटरच्या आकड्याला भुलण्याआधी लांबी-रुंदी बघा. लांबट अरुंद बॉक्सशेजारी एखादी सायकल बसू शकते. रुंद बॉक्स सगळा टप व्यापतो. झाकण दोन्ही बाजूंनी उघडणारं असेल तर जरूर तेच घ्या. रस्त्याच्या कडेला गाडी उभी असताना वाहत्या रहदारीच्या बाजूला उभं राहून सामान काढावं लागू नये.

लांबी ठरवताना डिकीचा दरवाजा आड येतो. दुकानात जाण्याआधी घरीच करून बघा. दांडे जिथे येतील तिथे टपावर कागदी चिकटपट्टी लावा. जुना पुठ्ठा बॉक्सच्या लांबीइतका कापून दांड्यांच्या उंचीवर कुणालातरी धरायला सांगा. आता डिकीचा दरवाजा पूर्ण उघडा. पुठ्ठ्याला लागला, तर एवढा लांब बॉक्स चालणार नाही, किंवा तो पुढे सरकवावा लागेल. पण पुढे सरकवतानाही मर्यादा आहे: समोरच्या काचेवर फार झुकलेला बॉक्स वारा खालून पकडतो आणि वर उचलला जायला बघतो. सनरूफ वर उचलून मागे सरकणारं असेल, तर तेही दांड्यांना लागतं का ते याच वेळी तपासा. मागचा अँटेना शार्क माशाच्या पाठीवरच्या पंखासारखा उभा असेल, तर त्याचीही उंची मोजा.

उघडी जाळीची टोपली दणकट दिसते, फोटोत रुबाबदार वाटते आणि वेड्यावाकड्या आकाराच्या, मळक्या, ओल्या वस्तूंना ती खरंच बरी. पण ती स्वतः जड असते, वाऱ्याला अडते आणि प्रत्येक वेळी सामान ताडपत्रीत गुंडाळून बांधायला लावते. खडकाळ रस्त्यांवर जाणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी. सुट्टीला जाणाऱ्या कुटुंबाला बॉक्सच सुखाचा.

कापडी बॅग हलकी, घडी घालून कपाटात जाणारी. वर्षातून एकदोनदाच गरज पडत असेल तर माझं मत हिच्या बाजूने. चेन आणि झाकणाची उघडी बाजू मागच्या दिशेला ठेवायची, म्हणजे पाऊस वाऱ्यासोबत आत घुसत नाही. ‘वॉटरप्रूफ’ असं लिहिलं असलं तरी आतलं सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालाच. दांड्यांशिवाय वापरायच्या बॅगांचे पट्टे काही जण गाडीच्या दारांतून आत घेऊन बांधतात. यात एक गोम आहे: पावसात पट्टा भिजतो आणि पाणी त्याच्या आधाराने झिरपत सरळ सीटवर येतं. दाराच्या चौकटीला अडकणारे आकडे वापरले, तर हा ओलावा टळतो. बॅगेखाली न घसरणारी चटई हवीच, आणि टप आधी धुऊन कोरडा केलेला हवा. अडकलेली वाळू रंगावर सँडपेपरचं काम करते.

सायकलींसाठी वेगळे स्टँड येतात. स्टँडचं आणि सायकलीचं वजन टपाच्या हिशेबात धरा. विजेवर चालणारी सायकल सहज २० ते २५ किलोंची असते. ती डोक्यावर उचलून टपावर ठेवायची म्हणजे कसरत, आणि बरेच स्टँड तेवढं वजन घेतही नाहीत. तिच्यासाठी गाडीच्या मागे बसणारा स्टँड बघा.

दांडे किंवा बॉक्स घेताना आयएसओ १११५४ या आंतरराष्ट्रीय मानकाचा उल्लेख शोधा. ते टपावरच्या सामानवाहकांसाठीचंच मानक आहे. वापरलेला माल घेत असाल, तर बिजागऱ्यांजवळच्या तडा, कडक झालेलं रबर आणि चाव्या एवढं तपासा. चावी नसलेला बॉक्स घेऊ नका.

पायरी ५: बसवणं

घाई नको, आणि शक्यतो दोघं असा. पाय जिथे टेकणार ती जागा पुसून घ्या. दोन्ही दांडे टपाच्या मध्याला सारख्या अंतरावर आहेत का ते टेपने मोजा. डोळ्याचा अंदाज इथे फसवा ठरतो. मग चारही पाय थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. एक पाय पूर्ण कसून मग दुसऱ्याकडे गेलात, तर दांडा तिरका बसतो. बऱ्याच संचांसोबत ठरावीक जोर झाला की कटकन आवाज करणारा पाना येतो. तो आवाज आला की थांबा. ‘अजून एक फेरा’ मारून आटे बिघडतात किंवा टपाची कड दबते.

आता परीक्षा. दांडा दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे आणि बाजूला जोरात हलवा. गाडी दांड्यासोबत डोलली पाहिजे. गाडी जागेवर आणि दांडाच हलतोय, तर कुठेतरी पकड सैल आहे. बॉक्स बसवल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्या.

पायरी ६: भरणं आणि बांधणं

जड वस्तू दोन दांड्यांच्या मधोमध, तळाला. हलक्या वस्तू पुढच्या आणि मागच्या टोकांना. डाव्या-उजव्या बाजूला वजन साधारण सारखं. बॉक्समध्ये रिकामी जागा राहिली, तर ती उशांनी किंवा कपड्यांच्या मऊ पिशव्यांनी भरून काढा, नाहीतर ब्रेक लागला की आतली बॅग झाकणाच्या पुढच्या भिंतीवर धडकते. बॉक्सच्या आतले पट्टे शोभेचे नसतात, तेही लावा. झाकण दाबून, वर बसून बंद करावं लागत असेल, तर सामान जास्त आहे.

उघड्या सामानाला चापट पट्टे लावा, शक्यतो पॉलिएस्टरचे. नायलॉनची दोरी ओली झाली की ताणते आणि गाठ सैल होते. टोकाला आकडे असलेली लवचिक रबरी दोरी ताडपत्रीचं टोक दाबायला ठीक, पण वजन धरून ठेवायला तिचा उपयोग नाही. ब्रेक लागला की तीही ताणली जाते. पट्टा नेहमी दांड्याभोवती वेढा घालून बांधा. गाडीच्या रंगाला बक्कल लागणार असेल, तर खाली कापड घाला. रॅचेटचे (मूठ खालीवर करून आवळायचे) पट्टे बेताने कसा, कारण त्यांचा जोर एवढा असतो की होडीची किंवा बॉक्सची बाजू दबते. लांब, सपाट पट्टा वाऱ्यात भुंग्यासारखा आवाज करतो. बांधताना त्याला एखाददुसरा पीळ दिला की तो गप्प बसतो. उरलेली टोकं गुंडाळून खोचा. मोकळं फडफडणारं टोक स्वतःच विरतं.

शिडी, होडी, लांब पाइप अशा वस्तूंना दोन दांड्यांवरचे पट्टे पुरेसे नाहीत. पुढचं आणि मागचं टोक बंपरखालच्या टोइंग हुकाला वेगळ्या दोरीने बांधा. पुढे-मागे किती बाहेर डोकावलेलं चालतं आणि लाल कापड वा दिवा कधी लावायचा, याचे नियम जिथे जाणार तिथले बघून घ्या.

पायरी ७: रस्त्यावर

निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून सगळे पाय आणि पट्टे हाताने तपासा. सुरुवातीला सामान दबून बसतं आणि पट्टे सैल पडतात. त्यानंतर प्रत्येक मोठ्या थांब्यावर एक नजर.

वेगाचा मुद्दा मोठा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून ११० वर गेलात की तो जवळजवळ दुप्पट होतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकड्यांनुसार टपावरचा मोठा, बोथट तोंडाचा बॉक्स शहरात २ ते ८ टक्के, हायवेवर ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगाला १० ते २५ टक्के मायलेज खातो. गाडीच्या मागे बसणाऱ्या बॉक्सचा फटका शहरात १-२ टक्के आणि हायवेवर १ ते ५ टक्के. विजेच्या गाडीवाल्यांनी चार्जिंगचे थांबे याच हिशेबाने थोडे जवळ आखावेत. बऱ्याच बॉक्सवर ताशी १३० किलोमीटरची कमाल मर्यादा छापलेली असते. भरलेल्या बॉक्ससह तिच्या आसपासही जाण्याचं कारण नाही. मोकळ्या पुलावर किंवा ट्रकला ओलांडताना बाजूचा वारा गाडीला ढकलेल, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा. ब्रेक नेहमीपेक्षा लवकर लावा.

उंची मोजा आणि कागदावर लिहून डॅशबोर्डवर, डोळ्यांसमोर चिकटवा. तळघरातल्या पार्किंगचे अडसर बऱ्याचदा दोन मीटरच्या आसपास असतात, आणि बॉक्समुळे वाढलेले ४०-५० सेंटिमीटर चालवताना अजिबात जाणवत नाहीत. सायकली वर असतील तर हा धोका आणखी मोठा. फिरत्या ब्रशच्या धुलाईयंत्रातही कॅरिअर घेऊन जाऊ नका.

प्रवास संपल्यावर

उतरवा. रिकामे दांडेही इंधन खातात, आवाज करतात आणि उन्हात त्यांचं रबर कडक होतं. बॉक्स कोरडा करून, झाकण लावून भिंतीला रुंद पट्ट्यांनी टांगा किंवा आडवा ठेवा. त्यावर इतर पसारा रचला तर झाकण वाकतं आणि पुढच्या वेळी कुलूप लागत नाही. कुठला पाय पुढचा-डावा, कुठला मागचा-उजवा हे उतरवतानाच चिकटपट्टीवर लिहून त्या त्या पायाला लावा. पाना, सुटे नट आणि एक जादा चावी एका पिशवीत घालून ती दांड्यांनाच बांधा; दुसरी चावी गाडीत.